मोटर विकतची, रॉकेट घरचं

मागच्या अंकात मी इथल्या, म्हणजे कोलोरॅडोतल्या, मॉडेल रॉकेटच्या छंदावर लिहिलं होतं. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा या हलक्या लाकडाचे पंख, बुडाशी बोटभर लांबीची मोटर, वर जातं, पॅराशूट उघडतं, खाली येतं, नवीन मोटर घालून परत उडवायचं, एवढंच ते. पण त्यावर इतक्या मेल आल्या की संपादकांनी या वेळचं सगळं सदरच त्याला देऊन टाकलं. सारखे प्रश्न मी एकत्र केलेत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत, आणि पहिला प्रश्न मुद्दाम पहिला घेतलाय.

प्रश्न (सांगलीहून एक बाबा): ताई, मुलगा आठवीत आहे. व्हिडिओ बघून घरीच रॉकेटचं इंजिन भरायचं म्हणतो. दारू चमचाभरच लागते, मी स्वतः शेजारी उभा राहीन. करू द्यावं का?

उत्तर: नाही. दादा, चमचाभर असो नाहीतर चिमूटभर, नाही. दिवाळीचे बाण सोडवून त्यातली दारू काढायची हा प्रकारही बरीच मुलं करतात, तोही नाही. ही दारू कुटताना, नळीत ठासून भरताना नुसत्या घर्षणानं किंवा एका ठिणगीनं पेटू शकते, आणि बंद नळीत पेटली की ती मोटर राहत नाही, तिचा बॉम्ब होतो. अशा वेळी शेजारी उभा असलेला बाप मुलाला वाचवू शकत नाही, दोघांनाही लागतं.

आणि हे मी बाहेरून घाबरवायला सांगत नाहीये, हा छंद मुळात याच कारणासाठी जन्माला आला. १९५७ साली ४ ऑक्टोबरला रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचं वेडच लागलं. आधीपासूनच मुलं लोखंडी पाइपात घरगुती मसाला ठासत होती, ते आता गल्लोगल्ली सुरू झालं, कोणाची बोटं गेली, कोणाचे डोळे गेले, काही जिवानिशी गेली. न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स नावाचा रॉकेट चाचणीचा तळ आहे, तिथे काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइन यांनी त्याच वर्षाच्या सुरुवातीला या धोक्यावर मासिकात लेख लिहिला होता. तो लेख वाचला कोणी, तर नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी. त्यांना शोभेच्या दारूचा नाद आणि त्यांच्या भावाला मॉडेल विमानांचा, आणि दोघांनी मिळून १९५४ मध्येच कागदी नळीचं, पॅराशूटनं परत येणारं, वापरलेली मोटर काढून नवी घालता येईल असं रॉकेट बनवून ठेवलं होतं. त्यांनी नमुने स्टाइनना पाठवले आणि स्टाइनच्या लक्षात आलं की उत्तर हेच आहे, मुलांना रॉकेट बनवू द्या, पण मोटर कारखान्यात बनू दे.

मग मोटरी कमी पडायला लागल्या तेव्हा डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी मोटर बनवणारं मशीनच तयार केलं, त्याचं नाव ठेवलं मेबल, साडेपाच सेकंदाला एक मोटर काढायचं. १९६१ मध्ये त्यांनी कारखाना कोलोरॅडोतल्याच पेनरोजला हलवला. इथे माणसं अजून मेबलबद्दल घरातल्या आत्याबद्दल बोलावं तसं बोलतात. मला तर वाटतं या सगळ्या छंदात सगळ्यात मोठं काम त्या मशीननं केलंय, कारण तिनं किती पोरांची बोटं वाचवली ते कुठेच लिहिलेलं नसणार.

कायद्याचंही सांगते. आपल्याकडे १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम आहेत, परवान्याशिवाय असं काही बनवणं हा गुन्हा आहे. परवाने देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय तर आपल्या नागपूरलाच आहे. पण दादा, कायद्याच्या धाकानं नको, मुलाशी बसून बोला. त्याला नुसतं नको म्हणालात तर तो गच्चीवर गुपचूप करेल. त्याला सांगा की मोटर सोडून बाकी सगळं रॉकेट तुझं, आणि खालचं पाण्याच्या रॉकेटचं उत्तर त्याच्याबरोबर वाचा.

प्रश्न (नाशिकच्या एक आजी): नातू न्यू जर्सीहून मे महिन्यात येतोय. त्याच्याकडे रॉकेटचं किट आहे, मोटरीची दोन पाकिटंही आहेत. बॅगेत टाकून आणली तर चालतील ना? छोटीच आहेत.

उत्तर: आजी, मोटरी अजिबात नकोत. हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही, विमानात त्या चालतच नाहीत, आणि त्या पेटवणारे इग्नायटरही मोटरीबरोबर घरीच राहू देत. पार्सलनं पाठवायचाही विचार करू नका. नुसतं किट मात्र आणता येतं, नळी, नोज कोन म्हणजे नाकाची टोपी, पंख, पॅराशूट हे सगळं पुठ्ठा, लाकूड आणि प्लास्टिकच असतं. त्याला म्हणावं किट घेऊन ये आणि आजीच्या घरी बसून बनव, रंगव, परत नेऊन तिकडे उडव. मे महिन्यात दुपारी बाहेर जाता येत नाहीच, तेवढं होऊन जाईल.

प्रश्न (बारामतीजवळच्या शाळेतले एक विज्ञान शिक्षक): मोटर मिळत नाही, बनवायची नाही, मग आम्ही खेड्यातल्या शाळेनं काय फक्त वाचायचं का?

उत्तर: सर, तुमचा राग मला पोचला आणि तो बरोबर आहे. पण पाण्याचं रॉकेट करा, आणि ते काही गरिबाघरचं रॉकेट नाही हे मनापासून सांगते, इस्रोच्या केंद्रांनीसुद्धा अंतराळ सप्ताहात शाळांसाठी पाण्याच्या रॉकेटचे कार्यक्रम घेतलेत. न्यूटनचा तिसरा नियम तोच, पंख तेच, पॅराशूटही करता येतं, फक्त दारूच्या ऐवजी दाबलेली हवा आणि पाणी.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, २ लिटरची. साध्या पाण्याची बाटली घेऊ नका, कारण सोड्याची बाटली आतला गॅसचा दाब सहन करायलाच बनवलेली असते, बिसलेरीसारखी पातळ बाटली तशी नसते. चरे पडलेली, चेपलेली, उन्हात पडून राहिलेली बाटली सरळ फेकून द्या. पाणी साधारण एक तृतीयांश. मुलं हमखास विचारतात जास्त पाणी घातलं तर जास्त उंच जाईल का, तर त्यांना उत्तर सांगूच नका, करून बघू द्या. रिकाम्या बाटलीतली हवा हलकी असल्यानं फुस्स करून निघून जाते आणि धक्का कमी मिळतो, काठोकाठ भरली तर पाणी ढकलायला हवाच उरत नाही, मधे कुठेतरी चांगली जागा आहे, ती मुलांनी शोधायची. एका तासिकेत वहीत सहा उड्या लिहून होतात, आलेख काढा, मुलं तो आलेख आयुष्यभर विसरणार नाहीत.

पंख सनबोर्डचे कापा किंवा जुन्या प्लास्टिक फाइलचे, तीन किंवा चार, बाटलीच्या तोंडाकडच्या बाजूला, कारण उडताना तोंड खाली असतं. वरच्या टोकाला मातीचा नाहीतर प्लॅस्टिसिनचा गोळा आणि त्यावर कागदाची टोपी, टोकदार किंवा धातूचं काहीही नको. बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला की सायकलच्या पंपानं हवा भरता येते, पंपाची नळी मात्र लांब घ्या, ५ मीटर तरी, आणि दाबाचा काटा असलेला पंप मिळाला तर फारच छान, ४० पीएसआयच्या पुढे शाळेत जाऊ नका. पंप मारणाऱ्याच्या डोळ्याला गॉगल. हवा भरलेल्या बाटलीवर कोणी वाकून बघायचं नाही, बूच अडकलं तरी नाही, आधी लांबून हवा सोडायची. एवढे नियम पाळलेत तर उरलेला वेळ मुलं नुसती नाचत असतात, मी पाहिलंय.

प्रश्न (डॅलसहून एक वाचक): मुलीबरोबर पहिलं किट बनवलं. तिला किटमधले पंख आवडले नाहीत म्हणून फायटर विमानासारखे छोटे कापले आणि जरा पुढे लावले. रॉकेट उडवायच्या उभ्या रॉडवरून सुटलं आणि हवेत दोन कोलांट्या मारून आमच्याच दिशेनं आलं. कोणाला लागलं नाही, पण मुलगी आता हात लावत नाही. काय चुकलं?

उत्तर: आधी मुलीला सांगा की माझंही अगदी हेच झालंय, आणि तेही पंखांमुळेच. मी तिसऱ्या रॉकेटला पंख नळीच्या मध्यापर्यंत पुढे नेले होते, दिसायला इतकं देखणं होतं की मी त्याचे फोटो कराडला आईला पाठवले. ते रॉडवरून सुटलं, दहाएक फुटांवर गरगर फिरलं आणि पेटत्या मोटरसकट गवतात पडलं. ऑगस्ट महिना, गवत वाळून कोळ झालेलं, धूर निघायला लागला. क्लबमधले एक वयस्कर गृहस्थ पाण्याचा कॅन घेऊन पळत आले, विझवलं, आणि मला ओरडले नाहीत. खिशातून सुतळी काढली आणि म्हणाले ये, तुला एक टेस्ट दाखवतो. ती टेस्ट आता तुम्हाला सांगते.

प्रत्येक रॉकेटला दोन ठिकाणं असतात. एक गुरुत्वमध्य, बोटावर तोलून धरलं की जिथे ते तराजूसारखं स्थिर राहतं ते. दुसरं दाबकेंद्र, वारा आडवा लागला तर त्याचा सगळा जोर जिथे लागतो ते. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे, शेपटीकडे असलं पाहिजे, निदान नळीच्या एका जाडीइतकं तरी. मग रॉकेट जरा तिरकं झालं की वारा शेपटीला ढकलून परत सरळ करतो, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा असतो ना तसं. तुम्ही पंख छोटे केलेत म्हणजे शेपटीकडचा वाऱ्याचा जोर कमी झाला, आणि वर ते पुढे सरकवलेत म्हणजे दाबकेंद्रही पुढे आलं, मग वारा रॉकेटला सरळ करायच्या ऐवजी उलटवायलाच लागला.

टेस्ट अशी. रॉकेट उडवायला पूर्ण तयार करा, न वापरलेली मोटर आत, पॅराशूट घडी घालून आत, फक्त इग्नायटर लावू नका. बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधा, तिथे सुतळीचा फास घाला आणि टेपनं चिकटवा की सरकणार नाही. सुतळी २ ते ३ मीटर. मोकळ्यावर उभं राहून डोक्याभोवती गरगर फिरवा, हळूहळू वेग वाढवा. नाक पुढे करून फिरत राहिलं तर पास. आडवं होऊन किंवा शेपूट पुढे करून फिरलं तर नापास, उडवायचं नाही. नापास झालं तर नोज कोनमध्ये थोडं प्लॅस्टिसिन भरा आणि परत फिरवा, नाहीतर मोठे पंख लावा. मुलीला फिरवायला द्या, तिनं कापलेले पंख आहेत, तिलाच पास करू दे.

आणि एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, मोटर शेपटीत असते त्यामुळे मोठी मोटर घातली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. ए या छोट्या मोटरवर शहाण्यासारखं उडलेलं रॉकेट सी या मोठ्या मोटरवर बिघडू शकतं. म्हणून टेस्ट सगळ्यात जड मोटर घालूनच करायची.

हिशेबानं करायचं असेल तर जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये दाबकेंद्र काढायची समीकरणं छंदवाल्यांसाठी मांडली, ती अजून वापरतात. आता ओपनरॉकेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फिनलंडच्या एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून ते आलं, त्यात रॉकेट काढलं की दोन्ही ठिकाणं स्क्रीनवर दिसतात. ते भारतात बसूनही वापरता येतं बरं का, मोटर लागत नाही. सांगलीच्या मुलालाही हे दाखवा.

प्रश्न (पुण्याहून इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): मोटरवर सी६-५ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय?

उत्तर: अक्षर म्हणजे एकूण ताकद. ए मोटर जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी ५ पर्यंत, सी १० पर्यंत, डी २० पर्यंत, म्हणजे दर अक्षराला दुप्पट. ६ म्हणजे सरासरी जोर ६ न्यूटन, साधारण ६०० ग्रॅम वजन उचलायला लागतो तेवढा, आणि छोटं रॉकेट मोटरसकट साठेक ग्रॅमचं असतं, त्यावरून ते रॉडवरून कसं सुटत असेल बघ. शेवटचा ५ म्हणजे जळण संपल्यावर किती सेकंदांनी आतला छोटा बार उडून पॅराशूट बाहेर ढकललं जाईल ते. त्या ५ सेकंदांत रॉकेट नुसत्या वेगावर वर चढत असतं, मागे धुराची रेघ सोडत. हा शेवटचा आकडा चुकीचा घेतला की एकतर पॅराशूट वेगात असतानाच उघडून फाटतं, नाहीतर नाक खाली करून येताना उघडतं. पहिलंच उड्डाण असेल तर ए८-३ घ्यावी, रॉकेट नजरेसमोर राहतं आणि चालत जाऊन आणता येतं. सी६-५ वर छोटं रॉकेट ३०० मीटरच्या घरात जातं आणि मग शोधत बसावं लागतं.

प्रश्न (ठाणे): पंख सारखे निघून येतात. फेविक्विक वापरतोय.

उत्तर: फेविक्विक झटक्यानं सुटतं, जमिनीवर आपटलं की टक्कन. पुठ्ठा आणि बाल्साला साधं फेविकॉल. पंखाच्या कडेला लाव, नळीला टेकव, काढ, मिनिटभर वाळू दे, परत पातळ थर लाव आणि मग कायमचं बसव. पहिला थर कागदात मुरतो म्हणून दुसरा धरतो. रात्रभर वाळलं की पंख आणि नळीच्या कोपऱ्यातून फेविकॉलची बारीक रेघ ओढ आणि ओल्या बोटानं सारखी कर. आणि पंख कापताना लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, नळीपासून बाहेर जाणाऱ्या. त्या नळीला समांतर गेल्या तर पंख बिस्किटासारखा मोडतो, मग गोंद कुठलाही लाव. नळीवर सरळ रेघ मारायची तर नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात धर आणि चौकटीच्या कडेनं पेन्सिल ओढ, इतकी सरळ रेघ पट्टीनं येत नाही.

प्रश्न (सिएटलहून): पॅराशूट दर वेळी वितळून गोळा होतं. दोनदा रॉकेट आपटलं.

उत्तर: आतला बार गरम असतो, म्हणून मोटर आणि पॅराशूटच्या मधे न पेटणारा कागद घालतात, वाडिंग. एक कागद घालून भागत नाही, तीन-चार चुरगळून सैलसर घालायचे, नळी भरेल पण दाबून बसणार नाही असे. टिश्यू पेपर किंवा कापूस घालू नका, तो जळत खाली येतो. तुमच्याकडे थंडीही असते, प्लास्टिकचं पॅराशूट घडीतच चिकटून बसतं, तर घडी घालायच्या आधी त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरा, उघडताना हवेत पांढरा ढग दिसतो आणि रॉकेट कुठे आहे तेही कळतं. वारा असेल तर पॅराशूटच्या मधोमध रुपयाएवढं भोक पाडा, जरा लवकर खाली येईल पण पलीकडच्या कॉलनीत जाणार नाही. ताशी ३२ किलोमीटरच्या वर वारा असेल तर उडवूच नये असा नियमच आहे. आणि विजेच्या तारेवर अडकलं तर ते रॉकेट गेलं असं समजायचं, काठी घेऊन जायचं नाही.

बटण दाबून काहीच झालं नाही तर काय करायचं असंही दोघांनी विचारलंय. कंट्रोलरची किल्ली काढायची आणि पूर्ण १ मिनिट थांबायचं, मगच जवळ जायचं. ते मिनिट फार लांब वाटतं, घड्याळ लावूनच थांबा.

प्रश्न (साताऱ्याहून सातवीतली मुलगी): मावशी, रॉकेट किती उंच गेलं ते कसं कळतं? आमच्याकडे पाण्याचं रॉकेट आहे.

उत्तर: तुझ्याकडे कंपासपेटीतला कोनमापक आहे ना, बस झालं. त्याच्या मधल्या भोकातून दोरा ओव आणि दोऱ्याला एक नट बांध, म्हणजे ओळंबा झाला. सरळ कडेला स्ट्रॉ चिकटव, तिच्यातून बघायचं. आता रॉकेट उडवायच्या जागेपासून टेपनं मोजून ३० मीटरवर उभी राहा. मैत्रिणीला रॉकेट उडवायला सांग. तू स्ट्रॉमधून रॉकेटवर नजर ठेव, सगळ्यात वर पोचलं की दोरा बोटानं दाबून धर आणि कोन वाच. समोर सरळ बघताना दोरा ९० वर असतो, म्हणून ९० मधून तुझा आकडा किती सरकला ते घ्यायचं. तो ४५ आला तर रॉकेट तुझ्यापासून जितकं लांब तितकंच उंच, म्हणजे ३० मीटर, अधिक तुझ्या डोळ्याची उंची. ६० आला तर ३० ला १.७३ नं गुणायचं, साधारण ५२ मीटर. बाकीच्या कोनांसाठी दहावीच्या पुस्तकातला टॅनचा तक्ता ताईकडून माग. आणि एकटीनं मोजू नको, दोघी दोन बाजूंना उभ्या राहा आणि दोघींचे आकडे वहीत लिहा, ते फार वेगळे आले तर रॉकेट सरळ न जाता कोणा एकीकडे झुकलं होतं असं समजायचं आणि ती उडी परत करायची.